अर्धा धक्का

टिफ्रॅकची मेमरी आजच्या हिशोबाने दहा किलोबाइट होती असं सांगितलं, की समोरचा माणूस हसतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला आणि १९६० साली रीतसर कामाला लागलेला हा संगणक. २०४८ शब्द, एका शब्दात ४० बिट, एकूण ८१,९२० बिट. फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. हसणाऱ्यांत माझा भाचा आहे, आणि त्याचं तर पोटच संगणकावर चालतं. त्याला मी म्हणतो, बाबा रे, तू मेमरीकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने बघतोस. मी उमेदीची वर्षं मुंबईतल्या कचेऱ्यांमधून संगणक दुरुस्त करत फिरलो. दुरुस्तीवाल्याचा पहिला प्रश्न ‘केवढी आहे?’ हा नसतो. ‘किती वेळाने बिघडते?’ हा असतो.

या प्रश्नाला धड उत्तर देणारी पहिली मेमरी म्हणजे कोअर मेमरी. फेराइटच्या बारीक कड्या, म्हणजेच कोअर, तारांच्या जाळीत ओवून ती बनायची. १९५३ पासून पुढची वीसेक वर्षं जगातले बहुतेक मोठे संगणक तिच्या जिवावर चालले, आणि आता ती मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही औषधाला सापडत नाही. सापडलीच तर काचेच्या चौकटीत बसवून ‘शोपीस’ म्हणून विकतात. दिसते सुंदर, यात वाद नाही. पण ती चालायची कशी, हे त्या चौकटीवर कोणी लिहीत नाही.

आधीचे हाल पाहिल्याशिवाय तिची किंमत कळायची नाही. १९४९ साली इंग्लंडात केंब्रिजला सुरू झालेल्या एडसॅक यंत्रात पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या होत्या. विजेच्या ठोक्यांचे ध्वनी करून ते नळीच्या एका टोकाला सोडायचे, पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचले की पकडायचे, ताजे करून पुन्हा पहिल्या टोकाला सोडायचे. म्हणजे माहिती कुठे ठेवलेली नाहीच, ती नळीतून अखंड फिरतेय. हवा तो आकडा टोकाशी येईपर्यंत यंत्राने ताटकळायचं. मँचेस्टरच्या फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांची युक्ती याहून चपळ होती. कॅथोड रे ट्यूबच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके उमटवायचे. ठिपका कसा आहे त्यावरून शून्य की एक ते ठरायचं. हवा तो ठिपका लगेच वाचता येई, ही मोठी सोय. पण ठिपके भराभर विरत, म्हणून सतत पुन्हा गिरवावे लागत. पडद्याच्या आतल्या थरात सूक्ष्म खोट असली, किंवा शेजारी कुठे विजेची ठिणगी उडाली, की एखादा ठिपका गेलाच. प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांच्या यंत्रात अशा ४० विल्यम्स नळ्या होत्या, शब्दातल्या प्रत्येक बिटाला एक. त्या ४० जणींना एकाच वेळी खूश ठेवणाऱ्या इंजिनिअरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हर्लविंड नावाचं यंत्र उभं राहत होतं. सुरुवात नौदलासाठी विमानाचं सिम्युलेटर म्हणून झाली, पुढे ते हवाई संरक्षणाच्या कामाला जुंपलं गेलं. रडारवर आलेल्या विमानाचं गणित त्या क्षणी व्हायला हवं. मेमरी दगावली म्हणून उद्या करू, असं तिथे चालत नाही. यंत्राचे प्रमुख होते जे फॉरेस्टर. नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर वाढलेला हा माणूस. शाळकरी वयात त्याने घरच्या रँचवर पवनचक्कीची वीज खेळवली होती. व्हर्लविंडच्या मेमरीच्या नळ्या त्यांच्याच प्रयोगशाळेत बनत, महाग पडत आणि लवकर मरत. १९४९ मध्ये डेल्टामॅक्स नावाच्या चुंबकीय पट्टीची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये वहीत कड्यांच्या जाळीची आकृती उतरली. विल्यम पेपिअन या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी कड्या तपासायचं किचकट काम अंगावर घेतलं. केन ऑल्सन नावाच्या तरुण इंजिनिअरने नुसती मेमरी पारखायला एक अख्खा संगणक बांधला. हाच ऑल्सन पुढे डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा संस्थापक झाला. ऑगस्ट १९५३ मध्ये व्हर्लविंडच्या नळ्या निघाल्या आणि कड्या बसल्या.

त्यानंतर काय झालं ते आकड्यांत नोंदलेलं आहे. यंत्राचा वेग दुप्पट झाला, ही बातमी सगळे देतात. माझ्या दृष्टीने खरी बातमी पुढची. मेमरीच्या देखभालीला रोज चार तास लागत, ते आठवड्याला दोन तासांवर आले. दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर दोन तासांचं होतं, ते दोन आठवड्यांचं झालं. ज्याने हातात सोल्डरिंग गन धरली आहे त्याने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

आता ती चालायची कशी ते सांगतो. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये मँगनीज, मॅग्नेशियम वगैरे धातूंचे ऑक्साइड मिसळून भाजलेली काळपट चिनीमातीच. तिची कडी, सुरुवातीच्या काळात बाहेरून दोन मिलिमीटर व्यासाची, शेवटी शेवटी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. कडीतून तार ओवली आणि वीज सोडली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कडी त्या दिशेने चुंबकित होते. वीज उलटी सोडली की उलट दिशेने. वीज बंद केली तरी कडीतलं चुंबकत्व आहे तिथेच राहतं. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. इथवर गोष्ट सरळ आहे, आणि इतकंच असतं तर प्रत्येक कडीला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र स्विच लागला असता. हजारो कड्यांना हजारो स्विच. त्या काळात स्विच म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब. मेमरी नळ्यांतून सुटून पुन्हा नळ्यांतच पडली असती.

यातून वाट काढली अर्ध्या धक्क्याने. बांधावरची मोठी शिळा एकट्याने ढकलली तर जागची हलत नाही, आणि दोघांनी मिळून ढकलली की एकदम उलटते. मधली अवस्था नाहीच. चांगल्या कोअरचं अगदी तसं. ठरलेल्या विजेच्या अर्धी वीज दिली तर ती ढिम्म राहते, पूर्ण दिली की पुरती उलटते. म्हणून कड्या चौकोनी जाळीत मांडायच्या. प्रत्येक कडीतून एक आडवी तार आणि एक उभी तार. एका आडव्या तारेत अर्धी वीज, एका उभ्या तारेत अर्धी वीज. त्या दोन तारा जिथे एकमेकींना छेदतात त्या एकाच कडीला पूर्ण धक्का बसतो. त्या दोन्ही तारांवरच्या बाकीच्या कड्यांना अर्धाच धक्का बसतो आणि त्या आपल्या जागी राहतात. ६४ गुणिले ६४ च्या जाळीत ४०९६ कड्या, पण चालवायच्या तारा फक्त १२८. यंत्र बांधायचा खर्च इथेच कोसळला.

हे चालण्यासाठी कडीचा माल मात्र हट्टी हवा. बी. एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हिस्टेरिसिसचा, म्हणजे वीज कमी-जास्त करताना चुंबकत्व कसं बदलतं त्याचा, आलेख ज्यांनी काढलाय त्यांना आठवेल, साध्या लोखंडाचा आलेख तिरपा आणि फुगीर येतो. असल्या मालाला अर्धा धक्का दिला तर तो थोडासा सरकतो, आणखी अर्धा दिला की आणखी थोडा सरकतो, आणि हजार अर्ध्या धक्क्यांनंतर आत काय लिहिलं होतं ते देवालाही सांगता येत नाही. कोअरला हवा जवळजवळ चौकोनी आलेख: उभी कड, सपाट माथा. डेल्टामॅक्समध्ये हा गुण होता, पण तो धातू, आणि धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठून उलटण्याचा वेग मंदावतो. फेराइटमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे ती अडचण नाही. प्रश्न होता चौकोनी आलेखाचं फेराइट मिळवायचा. मिसळीचं प्रमाण, भट्टीचं तापमान, भट्टीतली हवा, सगळं जुळवत सिरॅमिक बनवणाऱ्यांनी ते साधलं. संगणकाच्या इतिहासात गणितज्ञांची नावं भरपूर येतात, कुंभारांची येत नाहीत. कोअरचा अर्धा इतिहास भट्टीपाशी घडलेला आहे.

कड्या दाबून काढायची सोयही मजेशीर होती. आरसीए कंपनीत जॅन रायक्मन हे स्वतंत्रपणे याच मेमरीच्या मागे होते. फेराइटची भुकटी कडीच्या आकारात दाबायला त्यांनी चक्क ॲस्पिरिनच्या गोळ्या पाडणारं यंत्र बदलून घेतलं.

लिहिणं झालं, वाचायचं कसं? कडी कुठल्या दिशेने चुंबकित आहे ते बाहेरून दिसत नाही. ते कळायचा एकच उपाय, तिला मुद्दाम शून्याच्या दिशेने पूर्ण धक्का द्यायचा. आधीच शून्य असेल तर काही होत नाही. एक असेल तर ती उलटते, आणि उलटताना सगळ्या कड्यांतून ओवलेल्या तिसऱ्या तारेत काही मिलिव्होल्टचा एक हुंकार उठतो. या तिसऱ्या तारेला सेन्स वायर म्हणतात. हुंकार आला म्हणजे तिथे एक होता. ‘होता’ म्हणायचं, कारण आता तिथे शून्य झालंय. वाचलं की पुसलं. म्हणून वाचल्यावर लगेच तीच किंमत परत लिहावी लागते, आणि हे यंत्र आपोआप करतं, प्रत्येक वाचनाला, न चुकता. एखादा आकडा लाख वेळा वाचला तर तो लाख वेळा पुसला जाऊन लाख वेळा परत लिहिला जाई. वाचून पुन्हा लिहिण्याची ही कल्पना हार्वर्डच्या प्रयोगशाळेत अ‍ॅन वँग यांना सुचली. शांघायमध्ये जन्मलेले वँग १९४५ मध्ये अमेरिकेत आले होते. वाचताना माहिती नष्ट होते म्हणून ते अडून बसले होते. मग लक्षात आलं, की वाचलेली किंमत आपल्या हातात आहेच, ती परत घालायला हरकत काय? त्यांची मेमरी कड्यांच्या साखळीतून बिट पुढे सरकवणारी होती, जाळीची नव्हती. जाळी फॉरेस्टरांची.

परत लिहिताना आणखी एक पेच येतो. शब्दातल्या प्रत्येक बिटाची जाळी वेगळी, तिला प्लेन म्हणायचं. प्लेन एकावर एक रचले की स्टॅक. आडव्या-उभ्या तारा साऱ्या प्लेनमधून सलग जातात, म्हणजे त्यांनी ‘एक’ लिहायचा धक्का दिला तर सगळ्याच बिटांत एक लिहिला जाईल. जिथे शून्य ठेवायचं त्या प्लेनपुरता चौथ्या तारेतून उलट्या दिशेने अर्धा धक्का सोडायचा; दोन अर्ध्यांतून एक वजा झाला की उरतो अर्धा, आणि कडी जागची हलत नाही. या तारेला इन्हिबिट वायर म्हणत. अर्ध्या मिलिमीटरच्या कडीच्या भोकातून चार तारा. शेवटच्या काळात सेन्स आणि इन्हिबिट एकाच तारेवर भागवू लागले, कारण चार तारांना भोकात जागाच उरेना.

सेन्स वायरची चाल मात्र मला अजून सगळ्यांत हुशार वाटते. ६४ च्या जाळीत एक कडी निवडली की १२६ कड्यांना अर्धा धक्का बसतो. त्या उलटत नाहीत, पण आलेखाचा माथा अगदी सपाट नसल्यामुळे किंचित थरथरतात, आणि प्रत्येक थरथर सेन्स वायरमध्ये थोडा थोडा गोंगाट टाकते. १२६ जणींची कुजबुज एकीच्या हुंकारापेक्षा मोठी व्हायची. म्हणून सेन्स वायर जाळीतून तिरपी ओवत, अशी की निम्म्या कड्यांतून ती एका दिशेने जाते आणि निम्म्यांतून उलट. गोंगाट आपापसात कटतो, हुंकार उरतो. शोपीस घेणारे लोक त्या तिरप्या तारेला नक्षी समजतात. शिवाय गोंगाट लवकर उठून लवकर विझतो, उलटणाऱ्या कडीचा हुंकार जरा उशिरा येतो. तेवढ्या नेमक्या क्षणापुरतंच यंत्र कान उघडं ठेवायचं.

पैशांचं भांडण व्हायचं ते झालंच. आयबीएमने १९५६ मध्ये वँग यांचं पेटंट पाच लाख डॉलरला विकत घेतलं. लॉस एंजेलिसमध्ये रस्ते आणि फूटपाथ तपासणारा एक कर्मचारी होता, फ्रेडरिक व्हीए. त्याने घरच्या प्रयोगशाळेत कड्यांचे प्रयोग करून १९४७ मध्येच पेटंटचा अर्ज टाकला होता. आयबीएमने त्याचंही पेटंट घेतलं. फॉरेस्टर आणि रायक्मन यांच्यात कोण आधी यावर वर्षानुवर्षं वाद चालला, आणि अखेर १९६४ मध्ये आयबीएमने एमआयटीला १ कोटी ३० लाख डॉलर मोजले. एवढी मोठी रक्कम पेटंटपायी त्याआधी कोणी दिली नव्हती असं म्हणतात. आयबीएमला ती जड गेली नसावी. त्या वर्षांत तिचा प्रत्येक संगणक कड्यांवर उभा होता.

ज्यांनी कड्या ओवल्या त्यांच्या नावाचं पेटंट अर्थातच नाही. सुरुवातीच्या प्लेन सुईने, भिंगाखाली, हाताने ओवत, आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायकांकडे होतं. नंतर पोकळ सुयांची यंत्रं आली, तरी सेन्स वायरची तिरपी चाल हातानेच बरी जमे. मग हे काम मजुरी स्वस्त म्हणून जपान, तैवान, हाँगकाँगकडे गेलं. मजुरी, यंत्रं आणि लहान होत जाणारी कडी यांमुळे सुरुवातीला बिटामागे एक डॉलरच्या आसपास असलेली किंमत शेवटी एका सेंटच्या घरात आली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतल्या संगणकात दोन तऱ्हेच्या कड्या होत्या. पुसता येणारी मेमरी २०४८ शब्दांची. कायमची मेमरी ३६,८६४ शब्दांची, आणि ती मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्थॅमच्या रेथिऑन कारखान्यात बायकांनी विणली: तार कडीतून गेली तर एक, कडीबाहेरून गेली तर शून्य. तिथे प्रोग्रॅमच तारेत विणलेला. चूक सापडली तर खोडरबर नाही. पुसता येणाऱ्या शब्दांची संख्या टिफ्रॅकइतकीच होती, आणि टिफ्रॅकचा शब्द अडीचपट लांब. भाच्याचं हसू या ठिकाणी जरा ओसरतं.

टिफ्रॅककडे येतो. होमी भाभांची संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती, आणि संगणकाचं काम कुलाब्याच्या बराकींमध्ये चाले. प्रमुख होते आर. नरसिंहन, अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट करून १९५४ मध्ये परतलेले. हाताशी तरुण मंडळी, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी संगणक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आधी त्यांनी एक लहान चाचणी यंत्र केलं, ते १९५६ मध्ये चाललं. मग मोठं यंत्र: २७०० व्हॅक्यूम ट्यूब, १७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर, आणि हे सगळं अठरा फूट लांब, आठ फूट उंच लोखंडी सांगाड्यात. आराखडा घेतला प्रिन्स्टनच्या यंत्राचा. पण त्या यंत्राच्या विल्यम्स नळ्या मात्र त्यांनी घेतल्या नाहीत, फेराइटच्या कड्या घेतल्या. व्हर्लविंडमध्ये कड्या बसून तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. कुलाब्याच्या दमट हवेत चाळीस विल्यम्स नळ्या सांभाळायच्या म्हणजे काय, याची कल्पना मी करू शकतो, आणि म्हणून या एका निर्णयाबद्दल त्या मंडळींना मी बाकी सगळ्याहून जास्त गुण देतो. शब्द वाचून परत लिहायला १५ मायक्रोसेकंद लागत. टिफ्रॅक हे नाव नेहरूंनी दिलं. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकन सीडीसी ३६०० आला, त्याच्या मेमरीत ३२,७६८ शब्द, तेही कड्यांतच; वर्षभरात टिफ्रॅकला निवृत्ती मिळाली. त्याच दशकात पवईच्या आयआयटीत रशियन मिन्स्क-२ आला, मुंबईच्या कंपन्यांत आयबीएम १४०१ येऊ लागले. भाषा वेगळ्या, व्होल्टेज वेगळी, आत कड्या त्याच.

माझा या कड्यांशी संबंध सत्तरच्या दशकात आला. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला तरी तिची यंत्रं इथेच होती, बाकीच्या कंपन्यांचीही होती, आणि परकीय चलनाच्या टंचाईत नवी मिळायची मारामार. त्यामुळे परदेशात भंगारात निघालेली कोअर मेमरी आमच्याकडे ऐन कामात होती. ती बिघडत नसे असं नाही, पण बिघडली तर सभ्यपणे बिघडायची. सगळ्या शब्दांत एकच बिट चुकतंय? त्या बिटाचा सेन्स ॲम्प्लिफायर तपासा. दोष एकाच बिटाचा नाही, पण ठरावीक अंतराने येणाऱ्या पत्त्यांवरचे, म्हणजे जागांवरचे, शब्द चुकताहेत? त्या तारेचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर गेला. चुकलेले बिट आणि पत्ते छापून घेतले की कागदावरच्या आकृतीतून दोष वाचता यायचा, कव्हर उघडायच्या आधी. खुद्द कडी मेली, असं फारच क्वचित. आणि मेली तर आपल्या हातात काही नाही, स्टॅकच बदलायचा. चाचणीसाठी शून्य आणि एकची अशी मांडणी लिहीत की सेन्स वायरमधला गोंगाट कटण्याऐवजी मुद्दाम बेरजेत यावा. हा वर्स्ट केस पॅटर्न तासभर टिकला की आम्ही गिऱ्हाइकाची सही घ्यायचो.

तिचा खरा शत्रू उकाडा. फेराइट तापलं की कमी विजेत उलटतं, म्हणजे कालचा अर्धा धक्का आज पाऊण धक्क्यासारखा बसतो. म्हणून स्टॅकमध्ये थर्मिस्टर ठेवून तापमान वाढलं की वीज आपोआप कमी करायची सोय असे. आयबीएमने ७०९० यंत्राच्या मेमरीचा स्टॅक तर तेलात बुडवून ठेवला होता, तापमान सारखं राहावं म्हणून. आमच्याकडे तेल नव्हतं, एअरकंडिशनर होते. फोर्टातल्या एका कचेरीत मे महिन्यात दोन एअरकंडिशनरांपैकी एक बंद पडला की दुपारी तीनच्या सुमाराला मेमरी पॅरिटीचा लाल दिवा लागायचा आणि यंत्र थांबायचं. चुकीचा आकडा पुढे ढकलण्यापेक्षा थांबायचं, ही त्या पॅरिटी बिटाची, म्हणजे चूक पकडायला जोडलेल्या जादा बिटाची, कृपा. पगारपत्रक उशिरा झालं, पण चुकलं नाही. अकाउंट्सचे हेडक्लार्क, ज्यांना सारी कचेरी अण्णा म्हणायची, ते तेव्हापासून एअरकंडिशनरवाल्याला माझ्याआधी चहा देत.

दुसरी एक गंमत कचेरीतल्या रात्रपाळीला चांगली ठाऊक होती. तारांतून सुटणाऱ्या विजेच्या धक्क्यांमुळे यंत्राजवळ ठेवलेला ट्रान्झिस्टर रेडिओ गुणगुणायचा. प्रोग्रॅम नीट चालला असेल तर सूर बदलत राहायचा. एकाच जागी घोटाळत राहिला तर एकच सूर ताणला जायचा, आणि पाळीवरचा माणूस डुलकीतून उठायचा. आइसलंडमध्ये आयबीएम १४०१ सांभाळणाऱ्या योहान गुन्नार्सन यांनी असे सूर जुळवून चक्क चाली वाजवल्या आणि टेपवर धरून ठेवल्या. त्यांचा मुलगा योहान योहान्सन पुढे संगीतकार झाला आणि वडिलांच्या त्या टेपवरून त्याने २००६ मध्ये एक अख्खा अल्बम केला. आमच्याकडे विविध भारतीत खरखर येते म्हणून तक्रार यायची.

कोअरचा शेवट इंटेलच्या १९७० सालच्या ११०३ या चिपने सुरू केला. १०२४ बिट एका चिपवर. ओवायचं काही नाही. किमतीत तिने कड्यांना दोन-तीन वर्षांत गाठलं, मग मागे टाकलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला नव्या यंत्रांत कोअर दिसेनाशी झाली. राहिली ती अडचणीच्या जागी, जिथे वीज गेली तरी माहिती राहायलाच हवी. १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या संगणकांची मेमरी समुद्रतळातून काढली तेव्हा ती कोअर होती आणि तिच्यातली माहिती वाचता आली.

आजच्या मेमरीतल्या डीरॅम चिपच्या आत डोकावलं तर मात्र ओळखीची मंडळी भेटतात. तिथेही आडव्या-उभ्या रांगा. तिथेही वाचलं की पुसतं, कारण बारीकशा कपॅसिटरमधला भार वाचतानाच सांडतो, आणि लगेच परत भरावा लागतो. वँगची युक्ती भाच्याच्या फोनमध्ये या क्षणी चालू आहे. वर आणखी एक खोड: हा कपॅसिटर गळका असतो, म्हणून कोणी वाचो न वाचो, सेकंदात कित्येकदा सगळी मेमरी पुन्हा भरत बसावं लागतं. विल्यम्स नळीच्या ठिपक्यांचीच रडकथा, फक्त गिरवणारा आता चिपच्या पोटात बसलेला. कडीला हे काही लागत नव्हतं. वीज जाताना पुरवठा पुरता पडायच्या आधी काही मिलिसेकंद मिळत. तेवढ्यात यंत्र चालू हिशोबाचे आकडे कड्यांत टाकून मोकळं व्हायचं. वीज आली की थांबलं तिथून पुढे.

अण्णांच्या त्या कचेरीत चिपवाल्या नव्या यंत्राची बोलणी चालू झाली तेव्हा विक्रेत्याने मेमरी किती पट जास्त आणि किती पट लहान ते रंगवून सांगितलं. साहेब मान डोलवत होते. कोपऱ्यातून अण्णांनी विचारलं, “आणि दिवे गेले तर?”

“मेमरी रिकामी होते, अण्णा. पण डिस्कवरून परत भरता येते.”

“जुन्यात काय होतं हो?” हे मला.

“काही नाही. तसंच राहतं.”

“मग या नव्याला बॅटरी लागणार म्हणा की.”

विक्रेता म्हणाला, लागते, पण ती दुसरी कंपनी देते. बॅटरीचं कोटेशन वेगळं आलं, आणि अण्णांनी यंत्राच्या फाइलआधी ती फाइल सहीला पाठवली.